सुगीतली ठिणगी कोणाच्या हिशेबात?

चैत्राची चाहूल लागली की वृत्तपत्रांच्या आतल्या पानांवर एक ठरावीक बातमी दिसू लागते. अमुक गावाच्या शिवारात भर दुपारी लागलेल्या आगीत इतके एकर गहू जळून खाक, आगीचे निश्चित कारण समजू शकले नाही, महसूल विभागाकडून पंचनामा सुरू. एका रकान्यात मावणारी ही बातमी शहरी वाचकाच्या नजरेतून सहज निसटते. ज्याचे पीक जळाले त्याच्या लेखी मात्र ती वर्षभराच्या मेहनतीची अखेर असते. पेरणीपासून राखलेले, पाणी पाजलेले, अवकाळी पावसातून आणि गारपिटीतून वाचलेले पीक घरात येण्याच्या दिवशीच राख होते. हे नुकसान दुष्काळाच्या किंवा पुराच्या खात्यात जमा होत नाही. विम्याच्या खात्यातही त्याला सहसा जागा मिळत नाही.

अशा आगींची कारणे अनेक असतात. लोंबकळणाऱ्या वीजवाहिन्यांचे घर्षण, बांधावर फेकलेली विडी, शेजाऱ्याने काडीकचऱ्याला लावलेली आग ही त्यांतली नेहमीची. गेल्या दोन-तीन दशकांत या यादीत आणखी एका कारणाची भर पडली आहे. ते म्हणजे कापणीसाठी शेतात उतरणारे यंत्र. मजुरांची टंचाई, वाढती मजुरी आणि अवकाळीची धास्ती यांमुळे कापणी व मळणी एकाच फेरीत उरकणारे कंबाइन हार्वेस्टर आता केवळ पंजाब-हरियाणाचे राहिलेले नाही. विदर्भ-मराठवाड्यातील सोयाबीन, गहू आणि हरभरा यांच्या शेतांतही ते दिसते. यंत्र आले, त्याच्यासाठी अनुदान आले, भाड्याचे दर ठरले. परंतु वाळलेल्या पिकात तापलेले इंजिन फिरवताना पाळायची शिस्त मात्र त्याच्याबरोबर आली नाही. या विसंगतीचा विचार आता करायला हवा.

यंत्रात आग लागते कशी?

कापणीचा हंगाम हाच मुळी आगीला अनुकूल असतो. पीक पूर्ण वाळल्याशिवाय यंत्राने कापणी करता येत नाही आणि पूर्ण वाळलेले पीक म्हणजे उभे सरपण. त्यातून डिझेलवर चालणारे कित्येक अश्वशक्तीचे इंजिन तासन् तास पूर्ण भाराने फिरते. इंजिनातून जळालेले वायू बाहेर नेणारी नळी आणि टर्बोचार्जर यांचे तापमान अशा वेळी काही शे अंश सेल्सियसपर्यंत पोहोचते. कापणीबरोबर उडणारा भुसा, कुसळे आणि बारीक धूळ यंत्राच्या कानाकोपऱ्यांत साचत जाते. हा थर तापलेल्या भागावर बसला की प्रथम तो धुमसतो. मग त्याचा निखारा सुटून खाली पडतो किंवा वाऱ्याने मागच्या काडावर जाऊन विसावतो. चालक पुढे पाहत असतो आणि आग मागे पेटलेली असते.

इंजिन हे एक कारण झाले. फिरत्या भागांतील बेअरिंग वंगणाअभावी झिजले तर ते लालबुंद होईपर्यंत तापते. सैल झालेला पट्टा घसरत राहिला की घर्षणाने जळतो. तेलाच्या किंवा डिझेलच्या नळीतून होणारी बारीकशी गळती धुळीला तेलकट करते आणि अशी धूळ अधिक सहज पेटते. वीजतारांचे आवरण उंदरांनी कुरतडलेले असते. कापणीच्या पात्याखाली गारगोटी आली तर ठिणगी उडते. शेंगवर्गीय पिकांत, विशेषतः मसूर आणि हरभरा यांत, पीक जमिनीलगत कापावे लागते. त्यामुळे दगड लागण्याची शक्यता वाढते. शिवाय या पिकांची बारीक धूळ यंत्राला अधिक चिकटते.

ऑस्ट्रेलियातील धान्य संशोधन व विकास महामंडळाने शेतकऱ्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत या धोक्याचे प्रमाण दिले आहे. तेथे दरवर्षी शंभर कापणी यंत्रांपैकी सुमारे सात यंत्रांत आगीची सुरुवात होते. अशा दहांपैकी एका घटनेत यंत्राचे किंवा भोवतालच्या पिकाचे मोठे नुकसान होते. आगींपैकी सुमारे तीन चतुर्थांश आगी इंजिनाच्या कप्प्यात सुरू होतात. म्हणजे आग ही दैवी आपत्ती नसून बहुतांशी देखभालीचा प्रश्न आहे. दिवसातून दोनदा दाबाच्या हवेने यंत्र झाडून काढणे, बेअरिंगचे तापमान तपासणे आणि गळती वेळीच बंद करणे यांसाठी खर्च फारसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि सुगीत नेमका त्याचाच तुटवडा असतो.

वांगारीचा धडा

एका तापलेल्या नळीतून काय घडू शकते, याचे उदाहरण दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या आयर द्वीपकल्पावर २००५ मध्ये जगाने पाहिले. पोर्ट लिंकन शहराच्या परिसरातील हा भाग गव्हाचा आणि मेंढ्यांचा. त्या वर्षी १० जानेवारी रोजी वांगारी या गावाजवळ रस्त्यालगतच्या वाळक्या गवताने पेट घेतला. नंतरच्या न्यायिक चौकशीत निष्पन्न झाले, की तेथे उभ्या केलेल्या एका मोटारगाडीची तापलेली धुराची नळी गवताला लागली होती. अग्निशमन स्वयंसेवकांनी त्या संध्याकाळी आगीला वेढा घातला. ती आटोक्यात आल्यासारखी दिसत होती, परंतु पूर्ण विझलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी कोरडे, उष्ण वारे सुटले. आगीने वेढा तोडला आणि कापणीनंतर शेतांत उरलेले काड व गवत यांवरून ती काही तासांत समुद्रकिनाऱ्याकडे धावली. सुमारे ७८ हजार हेक्टर क्षेत्र जळाले. नऊ जणांचा मृत्यू झाला आणि त्यांत चार लहान मुले होती. गाडीतून निसटण्याच्या प्रयत्नात असलेल्यांनाही आगीने गाठले. ११ जानेवारी २००५ हा दिवस त्या भागात आजही ‘काळा मंगळवार’ म्हणून ओळखला जातो.

या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. पहिली अशी की आग लावायला कापणी यंत्रच लागते असे नाही. वाळक्या गवतावर उभी केलेली साधी गाडीही पुरते. सुट्टीच्या दिवशी शेतावर जाऊन बांधालगत मोटार उभी करणाऱ्या शहरवासीयांनीही हे ध्यानात ठेवायला हवे. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आगीची सुरुवात रोखण्याची वेळ काही मिनिटांची असते. ती निघून गेल्यावर सारे वाऱ्याच्या मर्जीवर असते. २०१५च्या नोव्हेंबरमध्ये, ऐन कापणीच्या हंगामात, याच देशाने ते पुन्हा अनुभवले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील एस्परन्स परिसरात चार जण आणि दक्षिण ऑस्ट्रेलियातील पिनेरी परिसरात दोन जण मृत्युमुखी पडले. एस्परन्सची आग विजेमुळे लागली होती, यंत्रामुळे नव्हे. पण पिकलेल्या शेतांतून ती ज्या वेगाने पसरली, त्यावरून ठिणगी कोणाची होती हा प्रश्न नंतर किती गौण ठरतो हे दिसून आले.

वारा मोजून कापणी

वांगारीनंतर दक्षिण ऑस्ट्रेलियातील शेतकऱ्यांनी आणि अग्निशमन सेवेने जो मार्ग काढला, तो आपल्याकडील धोरणकर्त्यांनी अभ्यासावा असा आहे. कापणीवर सरसकट बंदी घालणे परवडणारे नव्हते, कारण पिकलेले धान्य शेतात राहिले तर पावसाने जाते. सर्व काही शेतकऱ्याच्या अंदाजावर सोडणेही धोक्याचे होते. म्हणून तापमान, हवेतील आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग या तीन गोष्टींवरून गवताळ भागातील आगीच्या धोक्याचा निर्देशांक काढायचा आणि तो एका मर्यादेपलीकडे गेला की यंत्र थांबवायचे, असा संकेत ठरवण्यात आला. जुन्या मोजपट्टीवर ही मर्यादा ३५ अशी होती. या निर्देशांकाचा पाया ॲलन मॅकार्थर या वनसंशोधकाने काही दशकांपूर्वी घातला होता. सप्टेंबर २०२२ पासून त्या देशाने आगीच्या धोक्याच्या मानांकनाची नवी राष्ट्रीय पद्धत स्वीकारली, तरी मूळ तत्त्व बदललेले नाही.

या पद्धतीचे वैशिष्ट्य तिच्या साधेपणात आहे. शेतकऱ्याच्या हाती एक तक्ता असतो. तापमान आणि आर्द्रता पाहून वाऱ्याच्या कोणत्या वेगाला थांबायचे ते त्यावरून कळते. हवा जितकी उष्ण आणि कोरडी, तितक्या कमी वाऱ्याला काम थांबते. हे मोजमाप दूरच्या वेधशाळेत नव्हे, तर त्याच शेतात, हातातील छोट्या उपकरणाने करायचे असते. दुपारी थांबलेली यंत्रे सायंकाळी हवा निवळली की पुन्हा सुरू होतात आणि दव पडेपर्यंत चालतात. त्यामुळे पीक वाया जात नाही, फक्त कामाची वेळ बदलते. पश्चिम ऑस्ट्रेलियात याच्याही पुढे जाऊन स्थानिक प्रशासन कापणी आणि शेतातील वाहनांची ये-जा यांवर काही तासांची बंदी जाहीर करते. यंत्र चालू असताना पाण्याची टाकी आणि पंप असलेले वाहन शेतात सज्ज ठेवण्याची पद्धतही तेथे रुळली आहे.

या व्यवस्थेमागे एक सामाजिक वस्तुस्थिती आहे. तेथे यंत्राचा मालक, शेताचा मालक आणि आग विझवायला धावणारा स्वयंसेवक हे बहुधा एकच असतात. ज्याच्या हातून ठिणगी पडू शकते, त्याचेच घर त्या आगीच्या वाटेवर असते. म्हणूनच कायद्याच्या धाकापेक्षा परस्परांच्या सहमतीवर हा संकेत टिकून राहिला.

भारतातील वेगळे गणित

भारतात नेमकी हीच गोष्ट वेगळी आहे. आपल्याकडील बहुसंख्य शेतकरी कंबाइन विकत घेऊ शकत नाहीत, ते भाड्याने आणतात. २०१५-१६च्या कृषी गणनेनुसार देशातील सरासरी शेतजमीन १.०८ हेक्टर, तर महाराष्ट्रात १.३४ हेक्टर आहे. एवढ्या क्षेत्रासाठी लाखो रुपयांचे यंत्र घेणे शक्यच नसते. त्यामुळे पंजाब-हरियाणातील यंत्रमालक हंगामामागून हंगाम धरत मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि तेलंगणापर्यंत यंत्रे घेऊन फिरतात. भाडे एकरावर किंवा तासावर ठरते, आणि तेही तोंडी. जितके एकर जास्त तितकी कमाई जास्त. यंत्र झाडायला अर्धा तास थांबणे म्हणजे तेवढ्या भाड्यावर पाणी सोडणे. वाऱ्यामुळे दुपारी चार तास थांबणे तर दूरच, कारण पुढच्या गावचा शेतकरी वाट पाहत असतो आणि आकाशात ढग जमू लागलेले असतात.

अशा व्यवहारात जोखीम तिघांत विभागली जाते. यंत्रमालक दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी गेलेला असतो. शेतमालकाचे पीक कापून झालेले असते. आग मात्र पसरते ती शेजाऱ्याच्या उभ्या पिकात, आणि तो या व्यवहारात कोठेच नसतो. त्याला कोणी विचारलेले नसते, त्याच्याशी कोणी करार केलेला नसतो. लहान तुकड्यांची सलग शेती आणि मध्ये वाळक्या गवताने भरलेले बांध अशी आपल्या शिवारांची रचना असल्याने आगीला वाट सहज मिळते. ऑस्ट्रेलियात जळणाऱ्या हजारो हेक्टरांच्या तुलनेत आपल्याकडील पाच-पन्नास एकर किरकोळ वाटतील. पण त्या पन्नास एकरांत वीस-पंचवीस कुटुंबांचे वर्ष असते, हे विसरता कामा नये.

उत्तर भारतात कंबाइनपेक्षाही अधिक बदनाम झालेले यंत्र म्हणजे भुसा यंत्र, अर्थात स्ट्रॉ रीपर. कंबाइनने वरच्यावर कणसे कापून घेतल्यावर उरलेल्या उभ्या काडाचा भुसा करण्यासाठी ते ट्रॅक्टरमागे फिरवले जाते. जनावरांच्या वैरणीसाठी हा भुसा मोलाचा असतो. परंतु अत्यंत कोरड्या काडात जमिनीलगत वेगाने फिरणारी पाती दगडाला वा लोखंडाच्या तुकड्याला लागली की ठिणग्या उडतात आणि बाजूच्या शेतात गहू अजून उभा असतो. त्यामुळे मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशातील अनेक जिल्ह्यांत गव्हाची कापणी संपेपर्यंत भुसा यंत्रांवर मनाई करणारे किंवा त्यांच्यासोबत पाणी व अग्निशामक नळकांडे सक्तीचे करणारे आदेश काढले जातात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. अडचण अशी की हे आदेश बहुधा पहिल्या मोठ्या आगीनंतर निघतात. शिवाय दंगल वा जमाव रोखण्यासाठी असलेल्या तरतुदीतून शेतीच्या यंत्राची शिस्त लागेल, अशी अपेक्षा करणेच मुळात चुकीचे आहे.

यातील एक विरोधाभास विशेष बोलका आहे. पंजाबात गव्हाच्या आणि भाताच्या हंगामात जिल्हा प्रशासने रात्रीच्या वेळी कंबाइन चालवण्यास मनाई करतात. रात्री दवामुळे धान्यात ओलावा राहतो, ते बाजारात नाकारले जाते आणि अपघातही होतात, असा त्यामागील विचार. तो चुकीचा नाही. परंतु परिणामी सारी कापणी दिवसाच्या उष्ण आणि कोरड्या तासांत एकवटते, म्हणजे आगीचा धोका जेव्हा सर्वाधिक असतो नेमक्या त्याच वेळी. धान्याचा ओलावा मोजणारी यंत्रणा आपल्याकडे आहे, वारा मोजणारी नाही. सकाळ आणि सायंकाळ यांच्या मधले तास विचारपूर्वक निवडण्याचा पर्याय या आदेशांच्या चौकटीत कोणी तपासून पाहिलेला दिसत नाही.

महाराष्ट्रातील तीन हंगाम

महाराष्ट्रात हा धोका तीन वेगवेगळ्या हंगामांत तीन वेगळ्या रूपांत दिसतो. ऑक्टोबरच्या उन्हात सोयाबीन कापून शेतात गंजी रचली जाते आणि मळणी यंत्राची पाळी येईपर्यंत ती तशीच उभी राहते. मळणीच्या वेळी ट्रॅक्टरच्या धुराड्यातून उडणारी ठिणगी किंवा यंत्रातील घर्षण यांमुळे अख्खी गंजी पेटू शकते. उभ्या पिकाच्या आगीत काही भाग तरी वाचतो, गंजीच्या आगीत मात्र सारे पीक एकाच जागी असते. फेब्रुवारी अखेरपासून गहू आणि हरभऱ्याची कापणी सुरू होते, तेव्हा कंबाइनचा प्रश्न उभा राहतो.

तिसरा हंगाम उसाचा. ऊसतोड मजुरांची संख्या घटू लागल्याने राज्य सरकारने २०२३ मध्ये ९०० ऊसतोडणी यंत्रांसाठी अनुदानाची योजना आणली. त्यात यंत्राच्या किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये यांपैकी कमी असेल ती रक्कम देण्याचे ठरले. उसाची यंत्राने तोडणी झाली की फडात पाचटाचा जाड थर राहतो. जमिनीच्या दृष्टीने हे पाचट कुजवणे लाभदायक असले, तरी ते वाळेपर्यंत शेजारच्या उभ्या उसाला त्याचा धोका असतो. फडांवरून जाणाऱ्या सैल वीजतारा, त्यांखालून फिरणारी उंच यंत्रे आणि खाली वाळलेले पाचट या तिन्हींचा मेळ जमला तर पुढे काय होते हे सांगायला तज्ज्ञ नको. जळालेला ऊस कारखाना घेतो, पण वजनातील घट आणि दरातील कपात शेतकऱ्याच्या माथी येते. तोही तातडीने तोडला गेला तरच.

नुकसान कोण भरून देणार?

प्रश्नाचे खरे गांभीर्य भरपाईच्या टप्प्यावर उघड होते. २०१६ च्या खरिपापासून लागू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत आगीचा उल्लेख आहे, परंतु तो नैसर्गिक आगीचा. वीज पडून लागलेली आग त्यात बसते. यंत्राच्या ठिणगीने लागलेली आग मानवनिर्मित ठरते आणि योजनेबाहेर राहते. कापणीनंतर शेतात सुकत ठेवलेल्या पिकाला योजनेच्या मूळ आराखड्यात चौदा दिवसांचे संरक्षण आहे, पण ते गारपीट, चक्रीवादळ आणि अवकाळी पावसापासून. गंजीला लागलेली आग त्यात नाही. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आणलेली एक रुपयातील पीक विमा योजना २०२५ मध्ये बंद झाली आणि त्या वर्षीच्या खरिपापासून भरपाईचा आधार पीककापणी प्रयोग हाच राहिला. म्हणजे महसूल मंडळातील सरासरी उत्पन्न घटले तरच भरपाई. मंडळात सगळीकडे पीक उत्तम आले आणि एकाच्याच शेताची राख झाली, तर सरासरीच्या हिशेबात ती राख दिसतही नाही.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून अपघाती मृत्यू झाल्यास शेतकऱ्याच्या कुटुंबाला दोन लाख रुपये मिळतात. ती तरतूद आवश्यकच आहे, परंतु ती माणसासाठी आहे, पिकासाठी नव्हे. उत्तर प्रदेशात मात्र शेतात आणि खळ्यावर लागलेल्या आगीसाठी मंडी परिषदेमार्फत मुख्यमंत्र्यांच्या नावाने स्वतंत्र साहाय्य योजना चालवली जाते. तिची रक्कम मर्यादित असली, तरी खळ्यावरची आग हा स्वतंत्र धोका आहे हे तत्त्व तिने मान्य केले आहे. महाराष्ट्रातील बाजार समित्यांचे जाळे पाहता असा प्रयोग येथे अशक्य ठरू नये.

कायद्याची स्थितीही अशीच आहे. १९८३चा धोकादायक यंत्रे नियमन कायदा मळणी यंत्रात हात सापडून अपंग होणाऱ्या मजुरांची दखल घेण्यासाठी झाला. मजुराच्या मृत्यूची वा इजेची भरपाई हा त्याचा गाभा आहे. यंत्रामुळे तिसऱ्याच्या शेताला लागणारी आग त्याच्या कक्षेत नाही. अशा शेजाऱ्यापुढे दिवाणी दाव्याचाच मार्ग उरतो. त्यासाठी ठिणगी कोणत्या यंत्राची हे सिद्ध करावे लागते आणि पुरावा बहुतेक वेळा आगीतच गेलेला असतो.

बंब कोणाचा?

आग लागल्यावर विझवायची कोणी, हा प्रश्नही अनुत्तरित आहे. राज्यघटनेच्या बाराव्या परिशिष्टात नगरपालिकांच्या विषयांमध्ये अग्निशमन सेवेचा समावेश आहे. ग्रामपंचायतींच्या विषयांची यादी देणाऱ्या अकराव्या परिशिष्टातील २९ विषयांत तो नाही. म्हणजे घटनेच्या मांडणीतच बंब हा शहराचा मानला गेला. गावात आग लागली की तालुक्याच्या नगरपालिकेला किंवा जवळच्या साखर कारखान्याला दूरध्वनी केला जातो. बंब येईपर्यंत शेत जळून गेलेले असते आणि मग तो शेजारचे वाचवण्याच्या कामी येतो. केंद्र सरकारने २०२३ मध्ये राज्यांतील अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी पाच हजार कोटी रुपयांची योजना जाहीर केली. त्यातील किती वाटा उंच इमारतींसाठीच्या शिड्यांवर जाईल आणि किती शिवारापर्यंत पोहोचेल, यावर राज्यांचा प्राधान्यक्रम कळेल.

वास्तविक शेतातील आगीसाठी मोठा बंब हे योग्य साधन नव्हेच. फवारणीसाठी वापरली जाणारी ट्रॅक्टरवरील पाण्याची टाकी आणि पंप आज गावोगावी आहे. कापणी चालू असताना ती भरून शेताच्या कडेला उभी ठेवली, तर पहिल्या पाच मिनिटांत आग विझू शकते. यंत्र उतरण्यापूर्वी शेताच्या चारही कडांनी दोन-चार मीटरचा पट्टा कापून, नांगरून मोकळा करणे हा उपाय तर जुन्या पिढीला चांगलाच परिचित होता. गंजी एकमेकींपासून आणि वीजतारांपासून दूर रचण्याचा संकेतही नवा नाही. यंत्र आल्यावर घाई वाढली आणि हे संकेत मागे पडले.

शिस्त अनुदानाबरोबरच हवी

सरकारला करता येण्याजोग्या गोष्टीही फार खर्चिक नाहीत. २०१४-१५ पासून कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून आणि राज्याच्या योजनांतून यंत्रांसाठी अनुदान दिले जाते. बुदनी आणि हिसार येथील केंद्रीय संस्थांमध्ये यंत्रांच्या चाचण्या होतात. अनुदानित प्रत्येक कापणी यंत्रावर अग्निशामक नळकांडे, धुराड्यावर ठिणगीरोधक जाळी आणि शेजाऱ्याच्या नुकसानीचा विमा यांची अट घालणे शक्य आहे. यंत्रावर एखादी जोडणी सक्तीची करता येत नाही, असा युक्तिवाद होऊ शकतो. परंतु पंजाबने २०१८ मध्ये कंबाइनवर काड बारीक करून पसरवणारी जोडणी बंधनकारक केली होती. दिल्लीच्या धुरासाठी जे करता आले, ते गावच्या पिकासाठी करता येऊ नये याला पटणारे कारण नाही.

हवामान विभागाच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेतून आठवड्यातून दोनदा, मंगळवारी व शुक्रवारी, शेतकऱ्यांसाठी सल्ला प्रसृत होतो. त्यात तापमान, आर्द्रता आणि वाऱ्याचा वेग हे तिन्ही आकडे असतातच. त्यांवरून कापणीच्या काळात आगीचा धोका सांगणारी एक ओळ त्या सल्ल्यात घालणे ही फार मोठी वैज्ञानिक झेप नव्हे. भारतीय पिकांसाठी आणि वाऱ्यांसाठी योग्य मर्यादा कोणती, हे मात्र कृषी विद्यापीठांना प्रयोगांनी ठरवावे लागेल. परदेशातील आकडा उचलून येथे लावणे घातक ठरेल.

याहूनही आधी करण्याची गोष्ट म्हणजे नोंद. अपघाती मृत्यूंच्या राष्ट्रीय अहवालात आगीतील मृत्यू मोजले जातात. जीवितहानी न होता केवळ पीक जळाले तर त्याला त्यात स्थान नसते. पंचनामे तहसील कचेरीत पडून राहतात. त्यांतून किती आगी वीजतारांच्या, किती यंत्रांच्या आणि किती काडीकचरा जाळण्याच्या, हे कोणी एकत्र करत नाही. जे मोजले जात नाही, त्यासाठी धोरण आखले जात नाही आणि तरतूदही होत नाही.

मार्च २०२२ हा देशातील कमाल तापमानाच्या नोंदींत १९०१ नंतरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. गव्हाचे उत्पादन घटले आणि त्याच वर्षी १३ मे रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली. तेव्हा शहरांतील पिठाच्या दरापर्यंत शेतातील उन्हाची झळ पोहोचली होती. कापणीचे दिवस यापुढे अधिक उष्ण आणि अधिक घाईचे होत जाणार आहेत. यंत्रांची संख्याही वाढणार आहे आणि ती वाढायलाच हवी, कारण विळ्याकडे परत जाण्याचा मार्ग आता उरलेला नाही. यंत्राने शेतकऱ्याचे श्रम वाचवले हे खरे. पण त्या यंत्राची एक ठिणगी दुसऱ्याच्या शेतात पडली तर तिचा जाब कोणी द्यायचा, हे ठरवण्याचे काम यंत्र करणार नाही. ते सरकारने, विमा कंपन्यांनी आणि गावाने मिळून करायचे आहे, आणि तेही पुढची सुगी येण्याआधी.